नोरीनचा निरोप

फेक् ही काही खरी शिवी नव्हे. आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या त्या किनाऱ्यावर चहा सांडला तरी फेक्, बोट फुटली तरी फेक्. चुकून फादरसमोर निसटली तर फादर खोकतात, एवढंच. नोरीनच्या घरात तर त्या शब्दावाचून पान हलत नसे. नवरा मॅलकी समुद्रातले शेवंडांचे पिंजरे काढायला निघाला की ती चुलीपासून ओरडायची, "चल, फेक् ऑफ!" आणि तो दारातून म्हणायचा, "तूच फेक् ऑफ!" चालता हो, तूच चालती हो, झाला त्यांचा निरोप. नोरीन गोड बोलायला लागली, की मात्र मॅलकी काय ते समजून जायचा. बाईसाहेबांचं बिनसलेलं असायचं.

त्या दिवशी ती गोड बोलली. मॅलकीनं फाटक उघडं टाकलं होतं आणि शेजारच्या मेंढ्यांनी तिचा सगळा कोबी फस्त केला होता. एवढ्याशा गोष्टीवरून तिनं अबोला धरला, आणि सकाळी बूट चढवणाऱ्या नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "जपून जा, मॅलकी. देव तुझं भलं करो."

तो जरासा दारात घुटमळला. मग गेला. संध्याकाळी त्याची बोट रिकामी सापडली.

प्रेत हाती लागेपर्यंत रोज तिन्हीसांजेला मागच्या दाराची कडी वाजायची. ओल्या बुटांचा आवाज उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथंच थबकायचा. नोरीन दार उघडायची, तर बाहेर कुणी नसायचं. भुताची भीती तिला नव्हतीच. राग गेला का, एवढंच विचारायला तो येतोय आणि आपल्या तोंडून शब्द फुटत नाही, याचं तिला भय वाटायचं.

शेवटी समुद्रानं त्याला परत दिलं. शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली, रिवाजाप्रमाणे आरसा झाकला, घड्याळ बंद केलं. तिचा तो आशीर्वाद शेजाऱ्यानं कुंपणापलीकडून ऐकला होता आणि गावभर केला होता. येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवून तिचा हात धरायचा आणि म्हणायचा, की देवाचं नाव घेऊन पाठवलंस, भाग्याची आहेस. दर वेळी ती हात सोडवून घ्यायची आणि कप उचलायची.

सकाळी झाकण लावायला माणसं पुढे झाली. फादरांची प्रार्थना चालू होती. एकदा झाकण बसलं की सगळं राहून गेलं, हे तिला कळत होतं. ती माणसांना बाजूला सारून पेटीवर वाकली.

"चल, फेक् ऑफ, मॅल."

प्रार्थना थांबली. मॅलकीची आई डीलिया खुर्चीतून उठली. याच शब्दापायी तिनं लहानग्या मॅलकीच्या तोंडात साबण कोंबला होता, हे गावाला ठाऊक होतं. आता ही सुनेला काय बोलते म्हणून सगळे तिच्याकडे पाहू लागले. म्हातारीनं सुनेचं कोपर धरलं आणि तिला पेटीच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

"इकडून म्हण, पोरी," ती म्हणाली. "त्या कानानं त्याला कुठं ऐकू येतं?"