टी-शर्ट घालून पोहणारा माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ पोहायला शिकवतो. एकवीस वर्षं झाली, एकाच तलावावर. काठाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून रडणारं पोर त्याच्या हवाली करा. आठवड्याभरात ते पाण्यातून बाहेर येताना रडतं. त्याला सगळे मास्तर म्हणतात, आमची आईसुद्धा. आणि हा मास्तर पाण्यात उतरायचा तो कायम काळा, सैल, लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून.

लोकांना वाटायचं, ऊन लागू नये म्हणून असेल. काहींना ती स्टाईल वाटायची. खरं कारण फक्त आम्हा तिघींना माहीत होतं: आई, त्याची बायको आणि मी. वयात आल्यापासून त्याची छाती बायकांसारखी पुढे आली होती. पोट सपाट, दंड पिळदार, आणि छातीवर मात्र दोन मऊ गोळे. शाळेच्या स्पर्धेत तो उडीच्या ओट्यावर उभा राहिला आणि प्रेक्षकांतून कुणीतरी एक शब्द ओरडलं. अख्खी रांग हसली. तो शब्द मी लिहिणार नाही. त्या दिवशी तो पहिला आला, आणि त्यानंतर एकाही स्पर्धेत उतरला नाही.

म्हणून एका रविवारी सकाळी तो ओल्या केसांनीच माझ्या घरात घुसला, तेव्हा त्याचा चेहरा बघून मी चहा ओतायची थांबले. एवढा खुललेला चेहरा मी फार वर्षांनी बघत होते.

"ताई, ठरलं! परवा मंगळवारी!"

"काय ठरलं?"

"लायपोसक्शन! नळीनं चरबी ओढून घेतात. तासाभराचं काम, दुपारी घरी. दुसऱ्या दिवशी तलावावर हजर!"

मोबाईलवर त्यानं फोटो दाखवले. आधीची छाती, नंतरची छाती. मी ऑपरेशन थिएटरमधली नर्स. असे फोटो बघून मला उमाळे येत नाहीत. पण त्याच्या उत्साहावर पाणी ओतायचं जिवावर आलं होतं. बेतानंच विचारलं, "तुला तपासलं कुणी?"

"तपासलं म्हणजे?"

"शर्ट काढून, हात लावून."

तो जरा गडबडला. "क्लिनिकमधल्या मॅडमनी फोनवर फोटो मागवले होते. डॉक्टर त्या दिवशीच भेटणार आहेत."

"मास्तर, नवीन पोर आलं की तू त्याला बघितल्याशिवाय खोल बाजूला ढकलतोस का रे?"

"वेडी आहेस का? दम लागतो का, कान फुटतो का, फिट येते का, सगळं विचारतो आधी!"

एवढं बोलून तो स्वतःच थांबला. मग हसला आणि म्हणाला, "बरं, सांग काय विचारायचं ते."

मी सांगत गेले, त्यानं तिथंच बसून क्लिनिकला फोन लावला. ऑपरेशन कोण करणार, त्यांचं शिक्षण काय? भूल कोण देणार? मध्येच श्वास अडकला तर काय सोय आहे? पलीकडून गोड आवाज आला, "आमच्याकडे असं काही होतच नाही, सर. मंगळवारची जागा मात्र जाईल हं."

त्यानं फोन ठेवला. कान लाल झाले होते. "ताई, 'असं काही होतच नाही' म्हणणाऱ्या जीवरक्षकाला मी काठावर एक दिवस उभा करणार नाही."

मंगळवार गेला तो गेलाच. पण मी त्याला हिरमुसू दिलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या हॉस्पिटलमधल्या प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेले. साठीला आलेली, बुटकी, कमी बोलणारी बाई. आम्ही सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणतो. वहिनीही बरोबर आली.

मॅडमनी त्याला उभं केलं, आडवं केलं, हात वर करायला लावले. छातीचं मांस दोन बोटांत धरून पाहिलं. मग त्याचंच बोट घेऊन स्तनाग्राच्या मागे दाबलं. "बाजूला मऊ लागतं ती चरबी. ती नळीनं निघेल. आणि इथे टणक चकती लागते? ती ग्रंथी. ती नळीला दाद देत नाही, बारीक छेद घेऊन कापावी लागते."

"म्हणजे मंगळवारी..."

"अर्धंच काम करून घेऊन घरी गेला असतात."

भावानं माझ्याकडे असं बघितलं, की चंद्रावर झेंडा लावून आल्यासारखं वाटलं मला.

पण मॅडम थांबल्या नव्हत्या. "काही गोळ्या, पावडरी?"

"खांद्यासाठी एक पावडर घेतो. झाडपाल्याची आहे, तिचा काही त्रास नाही."

"डबा आणून दाखवा. अशा कितीतरी गोष्टींनी रक्त जास्त वाहतं. सिगारेट?"

तो छताकडे बघू लागला. "दिवसाला... दोन."

"काय?" वहिनी आणि मी एकदमच ओरडलो.

"पंपरूमच्या मागे," तो पुटपुटला.

"आजपासून बंद," मॅडम म्हणाल्या. "ऑपरेशनआधी निदान चार आठवडे तरी धूर अंगात गेलेला नको. जखमेला रक्त पोचत नाही, कातडी काळी पडते. खोटं बोललात तर तुमच्याच छातीवर दिसेल."

वहिनीनं हळूच स्वतःचं पोट पुढे केलं. "मॅडम, माझं वजनही उतरेल का यानं?"

"नाही हो. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. वजन स्थिर असलेल्या माणसाचा एखादा हट्टी भाग नीट करायचा, एवढंच. आतड्यांभोवतीच्या चरबीपर्यंत नळी जात नाही, आणि बाळंतपणात सैल झालेली कातडी यानं ताठ होत नाही. चरबी गेली तर उलट जास्त लोंबेल. शिवाय नंतर खाणं सुटलं तर उरलेल्या जागी चरबी चढतेच."

"झालं, माझं तिकीट रद्द," वहिनी म्हणाली, आणि मोठ्या मॅडमना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी कागदावर पाय काढला, फुप्फुस काढलं, मध्ये बाण काढला. पायात गुठळी होऊन ती वर जाऊ शकते. जंतू शिरू शकतात, पाणी साचू शकतं, दोन्ही बाजू थोड्या कमी-जास्त होऊ शकतात, कातडी महिनोन्महिने बधिर राहू शकते. "जिवावर बेतणं क्वचित. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे."

मला वाटलं, आता हा घाबरणार. बाहेर आल्यावर तो पायऱ्यांवर अक्षरशः उड्या मारत उतरला. "ताई, आता मला तळ दिसतोय! किती खोल आहे ते कळलं की उडी मारायला भीती वाटत नाही."

रक्त तपासलं, यकृत, हार्मोन, सोनोग्राफी, सगळं झालं. छाती वाढण्यामागे दुसरा आजार तर नाही ना, ते बघायला. काही निघालं नाही. सहा आठवडे त्यानं सिगारेट शिवली नाही. पंपरूमच्या मागे वहिनीनं स्वतः जाऊन दोनदा खात्री केली.

ऑपरेशनच्या दिवशी मॅडमनी मला आत येऊ दिलं नाही. "आज तू बहीण आहेस. बाहेर बस." सगळी नोकरी मी त्या दाराच्या आत काढली होती, बाहेरचं बाकडं किती कडक आहे ते त्या दिवशी कळलं. अडीच तास मी एकच मासिक उलटं धरून बसले होते. मॅडम बाहेर आल्या, अंगठा वर केला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे दिवस मात्र फोटोंतल्यासारखे नव्हते. छाती निळी, मग जांभळी, मग पिवळी. रात्रंदिवस अंगाला आवळणारं जाकीट. उजव्या बाजूला पाणी साचलं, ते मॅडमनी सुईनं ओढून काढलं. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, आवाज रडवेला. "ताई, आधीपेक्षा मोठी झालीये!"

"सूज आहे ती, गाढवा. तीन महिने थांब म्हणून सांगितलं होतं ना?"

पाण्यात जायला बंदी होती. कोरड्या कपड्यांत काठावरून तो शिट्टी फुंकत धावायचा, आणि पोरं मुद्दाम त्याच्यावर पाणी उडवायची. जाकीट सुटलं, मॅडमनी परवानगी दिली, तरी आधी टी-शर्ट घालूनच उतरला. सवय जाता जात नव्हती.

तिसरा महिना संपला त्या दुपारी तलाव सुट्टीमुळे बंद होता. तिथे आम्ही तिघंच होतो. त्यानं टी-शर्ट डोक्यावरून काढला. बगलेजवळ दोन बारीक व्रण, उजवी बाजू नीट बघितली तर किंचित खोल. बाकी सपाट. सोळाव्या वर्षी असायला हवी होती तशी. वहिनीनं डोळे पुसले आणि स्टॉपवॉच हातात घेतलं.

त्यानं सूर मारला. पन्नास मीटरवर डोकं वर काढून तो ओरडला, "पाणी अंगाला लागतंय! ताई, पाणी लागतंय!"

"अहो, टी-शर्टातल्यापेक्षा चार सेकंद कमी!" वहिनी किंचाळली. मला वाटलं, हिनं बटण चुकीचं दाबलं. परत पोहायला लावलं. परत तेवढेच. एकवीस वर्षं हा माणूस पाण्यातून ओलं कापड ओढत पोहत होता!

त्याच संध्याकाळी त्यानं चाळिशीपुढच्यांच्या स्पर्धेत नाव दिलं.

स्पर्धेला आम्ही सगळे गेलो, आईसकट. ओट्यावर तो उघड्या अंगानं उभा राहिला आणि क्षणभर मला शाळेतली ती हसणारी रांग आठवली. पण प्रेक्षकांतून आवाज आला तो त्याच्या जुन्या पोरांचा: "मास्तर! मास्तर!" मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला. शेवटच्या दहा मीटरमध्ये त्यानं दोघांना मागे टाकलं. बोटभर अंतरानं तिसरा नंबर हुकला.

चौथा आला होता, आणि पहिला आल्यासारखा दोन्ही हात वर करून नाचत होता. तिसरा आलेला टकलू माणूस पाण्यातूनच त्याला म्हणाला, "आमच्या रिलेच्या संघात एक जागा रिकामी आहे. येणार का? सोमवारपासून सराव आहे, दुपारी दोनला."

"दीडलाच येतो," मास्तर म्हणाला.