सोयरीकआबा आणि माझी सहा स्थळं

सोयरीकआबा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत, आणि तांब्या हातात आला की प्यायच्या आधी तो उंच धरून त्याचं बूड बघत. बूड लख्ख असलं तर त्या घराशी सोयरीक करायला त्यांची हरकत नसे. "तोंड समदीच घासत्यात," ते म्हणत, "बूड कोण घासतं ते बघावं." या परीक्षेची कीर्ती अशी पसरली की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, जिथे लग्नाची मुलगी तिथले तांबे खालून जास्त चकाकू लागले. आबांनी तेही ओळखलं. मग ते तांब्याकडे ढुंकूनही न बघता माजघरातल्या कळशीवर नजर टाकू लागले.

आबा काटेवाडीचे. घरची बागायत मुलं बघत आणि आबा लोकांच्या मुलांची लग्नं बघत. हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. मिळकत म्हणाल तर मांडवात डोक्याला बांधतील तो पटका. काखेत छत्री, खिशात पेन्सिलीचा तुकडा, आणि डोक्यात दोन्ही तालुक्यांतल्या कुळांच्या सात पिढ्या. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या दहाव्याच्या दिवशी कळलं, आणि ते त्यांना अजिबात शोभत नव्हतं.

माझ्या आईवडिलांचं लग्न आबांनीच जमवलेलं. त्यामुळे माझ्यावर आपला हक्क आहे असं ते धरूनच चालत. "तुझा आज्जा पोरगी बघायला यायला तयार नव्हता," ते मला चारचौघांत ऐकवत. "मी गाडी जुपून न्हेला, म्हून तू हितं उभा हायस." मी खाली मान घालून उभा राही.

मी मॅट्रिक झालो तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घराण्यात मॅट्रिक होणारा मी पहिला. गुण मात्र असे, की हेडमास्तरांनी शाबासकीला उचललेला हात पाठीपर्यंत पोचलाच नाही. तरी मी हिंमत करून सहा कॉलेजांना अर्ज केले: चार पुण्यातली, एक कोल्हापूरचं, एक सोलापूरचं. पुण्याच्या चौघांनी नकार कळवला. कोल्हापूरकरांनी तेवढीही तसदी घेतली नाही. इंदापुराबाहेरच्या आमच्या वस्तीवर सांत्वनाला माणसं येऊ लागली. "कालिज शिकून कांदा काय मोठा येतो व्हय?" असं म्हणून ती चहा पिऊन जात. ज्यांची मुलं चौथीत नापास होऊन घरी बसली होती त्यांना तर मला बघून हायसंच वाटत होतं.

माझ्या वडिलांनी, नानांनी, एकाच वाक्यात निकाल दिला. नागपंचमीपर्यंत कॉलेजचं काही जमलं तर ठीक, नाहीतर मी शेतीत यायचं आणि लग्नाला उभं राहायचं. लोणी भापकरची एक मुलगी आबांनी सुचवलेली होती आणि नानांना स्थळ पसंत होतं. शेतीचं मला भय नव्हतं. पण पुस्तकं सुटतील या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

आबा त्या मुलीची पत्रिका घेऊन आले तेव्हा मी ओट्यावर नकाराची पत्रं मांडून बसलो होतो. त्यांनी पत्रिका खिशातच ठेवली.

"ही कसली पत्रं?"

"कॉलेजांनी नाकारलंय, आबा."

"किती जणांनी?"

"चौघांनी. पाचवं बोलतच नाही. सहाव्याचं यायचंय."

आबा खाली बसले. नाकारलं हा शब्द ऐकला की त्यांच्या अंगात वारं भरत असे. ते नानांना म्हणाले, "शिवराम, पोरगीचं ऱ्हाऊ दे आता. नकार खाल्लेला पोरगा मी मांडवात उभा करत न्हाय. त्यो जन्मभर बायकूवर राग काढतो. आदी ह्याचा नकार काढू."

पत्रं इंग्रजीत होती. आबांनी मला ती मोठ्याने वाचायला लावली, अर्थ मात्र विचारला नाही. त्यांचे प्रश्न निराळेच होते. कागद जाड का पातळ? नाव हातानं लिहिलंय का? सही शाईची का शिक्क्याची? तिघांच्या सह्या शिक्क्याच्या निघाल्या. आबांनी ती तीन पत्रं बाजूला सारली. "शिक्का मारून सोयरीक मोडणारं घर! तितं पोरगा द्यायचाच न्हाय." चौथ्या पत्रावर शाईची सही होती, तीही जरा फराटा ओढलेली. ती त्यांना आवडली. "हितं माणूस हाय," ते म्हणाले. "हितं जाऊन बघू."

बघू म्हणजे आबांच्या भाषेत जे असतं तेच. चार पटकेवाले पुढारी, आबा आणि मी असे सहा जण पुण्याच्या त्या कॉलेजात जाऊन दाखल झालो. कारकुनाने विचारलं, काय काम आहे? आबा म्हणाले, "बघाया आलोय."

"कुणाला?"

"कालिजाला."

कारकून आत गेला तो बाहेरच आला नाही. तेवढ्यात आमच्या मंडळींनी कॉलेज पाहून घेतलं. नळाला पाणी आहे का, वसतिगृहातल्या भाकरीला पापुद्रा सुटतो का, प्रिन्सिपॉलांचा स्वतःचा मुलगा इथंच शिकतो की दुसरीकडे, याची एका माळ्याकडे कसून चौकशी झाली. मुलगा दुसरीकडे शिकत होता. पुढाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने बसले आणि पोह्यांची वाट बघू लागले. मुलाकडची माणसं आली की पोहे येतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी शरमेने अर्धा झालो होतो. तास गेला, दीड तास गेला. पोहे सोडा, पाण्याचा तांब्याही आला नाही. आबा उठले, छत्री काखेत मारली आणि म्हणाले, "चला. आपल्याला पसंत न्हाय."

घरी आल्यावर त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि मजकूर सांगितला. 'आपले स्थळ पाहिले. घर मोठे आहे, परंतु आमच्या मुलास योग्य वाटत नाही. तरी राग नसावा, लोभ असावा.' मी म्हटलं, आबा, त्यांनी आधीच नकार दिलाय. "दिला आसंल," आबा म्हणाले. "आपला बी जाऊ दे. दोन्हीकडनं मोडलं म्हंजी कुणी कुणाचं नाव ठेवत न्हाय." मी ते पत्र पोस्टात टाकलं. हसू नका, पण त्या रात्री मी पोटभर जेवलो.

सोलापूरचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. जागा भरल्या आहेत, एखादी रिकामी झाल्यास विचार करू, असं त्यात होतं. मी ते पत्र नकारांच्या ढिगात ठेवू लागलो तर आबांनी माझं मनगट धरलं. "ह्याला नकार म्हणत न्हाईत, येड्या. पोरगं पसंत हाय, घरात जागा न्हाय, आसं म्हणत्यात ती." मग त्यांनी मला आपल्या कामातली खोच सांगितली. सुपारी फुटलेली लग्नंसुद्धा हळदीपर्यंत मोडतात, आणि मोडलेल्या मांडवात जो हजर असतो त्याचं जमतं. "कालिजं उघडून पंधरा दिस झालं. आता पोरं पळून याया लागतील. त्यास्नी वाटंत गाठायचं."

प्रश्न एवढाच होता, की गाठायचं कुठं? बारामतीला दौंडहून छोटी गाडी येते, तिथे थांबू, असं नाना म्हणाले. आबांनी मान हलवली. "रेलगाडीनं येनाऱ्याला दौंडाला गाडी बदलावी लागती. तितं ताटकळून त्याचा राग निवतो, आन त्यो माघारी जातो. एस्टीत तसं न्हाय. एकदा बसला की घरीच." म्हणून आम्ही इंदापूरच्या एस्टी स्टँडवर ठाण मांडलं. सोलापूरकडून गाडी आली की आबा दारापाशी जाऊन उभे राहत. पेटी आणि वळकटी घेतलेला पोरगा दिसला की ते अदबीने विचारत, "पाव्हणं, कुठलं कालिज सोडलं?" एकाने सांगितलं, मी बँडपथकात असतो. एकजण नुसताच चिडला.

पाचव्या दिवशी डाळजचा एक मुलगा सापडला. गाडी चहाला थांबली होती आणि तो खिडकीत बसून डोळे पुसत होता. आबांनी त्याला खाली उतरवलं, भजी खाऊ घातली आणि काही न विचारता बसू दिलं. चौथ्या भज्याला तो आपणहून बोलू लागला. सोलापूरच्या त्याच कॉलेजातून तो पहाटे निघाला होता, कुणालाही न सांगता. आबांनी पेन्सिल काढली आणि त्याच्याकडून लिहून घेतलं, की मी राजीखुशीने जागा सोडली आहे. त्यांच्या भाषेत ती सोडचिठ्ठी. "मागनं वाद नको," ते म्हणाले. गाडी सुटता सुटता त्यांनी त्याचं कूळ, गोत आणि जन्मसालही विचारून घेतलं. त्या वर्षीच्या माघात त्याचं लग्न झालं, तेही लोणी भापकरच्या त्याच मुलीशी.

आम्ही पुढच्या गाडीने सोलापूर गाठलं. तिथल्या प्रिन्सिपॉलांसमोर आबांनी चिठ्ठी ठेवली. "तुमची एक जागा आज सकाळच्या गाडीनं डाळजला गेली, सायेब. तुमास्नी ठावं नसंल." साहेबांना खरंच ठाऊक नव्हतं. शिपाई वसतिगृहात जाऊन आला आणि खाट रिकामी आहे म्हणाला. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आपण या मुलाचे कोण?"

"मी मधला," आबा म्हणाले.

साहेब आधी हसले, मग त्यांनी आम्हाला पाणी मागवलं. तांब्या आला. आबांनी तो उंच धरला नाही, तसाच तोंडाला लावला आणि रिकामा केला. माझं नाव नोंदलं गेलं तेव्हा नागपंचमीला चार दिवस उरले होते.

इथे ही हकिकत संपायला हवी होती. पण तीन आठवड्यांनी मीच पेटी बांधली. व्याख्यानं इंग्रजीत, कळत काहीच नाही. मी तोंड उघडलं की खोलीतली मुलं माझ्या हाय-न्हायची नक्कल करत. एका सकाळी मी कुणाला न सांगता इंदापूरची गाडी धरली. नानांना काय सांगायचं ते वाटेत चार तऱ्हांनी जुळवून पाहिलं. स्टँडवर उतरलो तर दारापाशी आबा.

शेजारी एक उंच, हडकुळा मुलगा होता. त्याने दाखल्यांची पिशवी छातीशी धरली होती. आबांनी मला पाहिलं. ते रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. "पाव्हणं, कुठलं कालिज सोडलं?" असं त्यांनी मला विचारलं, अगदी परक्याला विचारावं तसं. मग पेन्सिल आणि कागद पुढे केला. "ल्ही. ह्यो निमगावचा हाय, गुण तुझ्यापरीस बरं हायती. ह्याला बी समद्यांनी नाकारलाय. तुझी जागा मोकळी झाली आसंल तर ह्याला आजच घिऊन जातो."

मी कागद गुडघ्यावर ठेवला. 'मी राजीखुशीने' एवढं लिहिलं आणि हात थांबला. तो मुलगा कागदाकडे बघत होता. तीन आठवड्यांपूर्वी डाळजच्या मुलाच्या हातातल्या कागदाकडे मी असाच बघत होतो. निमगावच्या या मुलाला ती जागा मिळायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हात पुढे सरकेना.

"आबा, मी आईला भेटायला आलोय," मी म्हणालो. "आजच परत जाणार."

"मग पेटी कशाला आणलीस?"

मी पेटी पायामागे सारली. आबांनी कागद माझ्या हातून घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. "आईला मी सांगतो, बरा हायस म्हून. सोलापूरची गाडी लागलीया बघ." मग ते त्या मुलाकडे वळले. "हे पाव्हणं माघारी निगालं. ह्यांची पेटी चढीव टपावर." त्या मुलाने पिशवी आबांच्या हाती दिली, माझी पेटी खांद्यावर घेतली, शिडीने वर चढून ती घट्ट बांधली, आणि खाली येऊन मला नमस्कार केला.

आबांचा तेव्हा मला संताप आला होता. पुढे मी पदवीधर झालो, पोटापाण्याला लागलो, आबा गेले. निमगावच्या त्या मुलाला कुठे जागा मिळाली का, हे त्यांना विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. गाडी निघाली तेव्हा तो आबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता, आणि दोघेही पुढच्या गाडीकडे बघत होते.