जिन्याच्या गजांत अडकलेलं डोकं

मोठ्या माणसाचं घर सांभाळणं तसं सोपं असतं. मोठा माणूस तिथे राहत नसतो, हेच त्यातलं सुख. एका दिवंगत नेत्याचं बालपण जिथे गेलं ते दुमजली घर चावीकाकांनी उभी हयात सांभाळलं. सकाळी खिडक्या उघडायच्या, छोट्या पलंगावरची चादर झटकून पुन्हा तशीच अंथरायची, मेजावरच्या तांब्यात ताजं पाणी भरायचं आणि दार उघडायचं. पाणी प्यायला कोणी नव्हतं, पण घर नांदतं वाटलं पाहिजे असा वरून हुकूम होता. मागच्या अंगाला काकांची स्वतःची खोली होती. ती नांदती वाटावी म्हणून कोणी हुकूम काढला नाही. बायको गेली, मुलगी नोकरीपायी दूर गेली, आणि काका एकटेच जेवून आपलं ताट विसळून पालथं घालू लागले.

मुलगी बऱ्याच वर्षांत फिरकली नव्हती. एके दिवशी तिचा फोन आला, की आमच्या ऑफिसची सहल तुमच्याच घराकडे येतेय. काकांनी लगेच विचारलं, रात्री राहशील ना? बस जाऊ दे पुढे, तू दुसऱ्या दिवशी जा. ती म्हणाली, बघू. बापाला एवढंसं 'बघू' पुष्कळ पुरतं. काकांनी दुसरी गादी उन्हात टाकली, दुसरी उशी झोडपली, आणि दुसरं ताट फडताळातून खाली काढलं.

इथे काकांच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नेत्याच्या बालपणाविषयी माहिती होती ती चिमूटभर. तो अशक्त होता, शांत होता, खिडकीत बसायचा. असलं ऐकून माणसं जांभया देतात. फार पूर्वी एका बाईने, रडतं पोर काखोटीला मारून, काकांना विचारलं होतं, यांनी लहानपणी कधी खोड्या केल्याच नाहीत का हो? काकांच्या तोंडून भसकन निघून गेलं: केल्या की, या जिन्याच्या गजांत डोकं अडकवून घेतलं होतं, आईने कानांना साबण लावून सोडवलं. माणसं हसली. पोर रडायचं थांबलं. डोकं अडकलं होतं ते काकांच्या लेकीचं, पण गज तर तेच होते.

मग एकातून एक. मांजरीला टेबलाखाली दूध पाजून 'पाहुणी आलीय' म्हणणं, फोटोच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने केस भादरून घेणं, सगळं नेत्याच्या नावावर चढलं. एका वक्त्याने तर जयंतीच्या भाषणात जिन्याचे गज ओढून आणले आणि सांगितलं, की बंधनं झुगारण्याची वृत्ती लहानपणापासूनच होती! झुगारली कसली, साबण लावावा लागला होता.

सहल आली. मुलगी घोळक्याच्या मागे उभी होती, जरा जाड झालेली, चष्मा लागलेली. काकांना आनंदाने काही सुचेना. त्यांनी सगळ्या गोष्टी रंगवून सांगितल्या, खास तिच्यासाठी. मंडळी हसत वर गेली. ती जिन्याशीच थांबली.

"बाबा, ते डोकं माझं होतं."

काका हसले. तुझंच ग, लोकांना मजा वाटते, म्हणाले.

"आणि मांजर?"

"तुझीच."

"आणि केस कापले ते?"

आता काका अडखळले. "तूच असशील. तो कशाला कापेल?"

"असशील म्हणजे? तुम्हाला नक्की आठवत नाही?"

काकांना खरंच आठवत नव्हतं. इतक्यांदा सांगून कोणतं कोणाचं, ते पुसूनच गेलं होतं. ते घाईघाईने म्हणाले, "अगं, आपल्या खोलीत कोण येतं ऐकायला? इथे रोज माणसं येतात. रोज तुझं नाव..." नाव तर कधीच घेतलं नव्हतं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "माझी म्हणून एखादी गोष्ट ठेवलीय का? कोणालाच न सांगितलेली?"

काका शोधत राहिले. माणूस किल्ली शोधताना सगळे खिसे चाचपतो तसे. बाहेर बसचा हॉर्न वाजला. ती म्हणाली, सगळे एकत्र आलोय, मी मागे राहिले तर बरं दिसणार नाही. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, औषधं वेळेवर घ्या म्हणाली. कोणाच्याही बापाला म्हणावं तसं. आणि गेली.

बस वळल्यावर काकांना आठवलं. आठवणी अशाच, पाहुणे गेल्यावर येणाऱ्या. ती एवढीशी होती, अंगात फणफणून ताप, बायको माहेरी. पोरगी त्यांच्या मांडीवर त्यांचा कान मुठीत धरून झोपली. उठलो तर जागी होईल म्हणून काका हललेच नाहीत. बाहेर माणसं दार ठोठावत होती. मोठ्या माणसाचं घर त्या दिवशी दुपारपर्यंत उघडलंच नाही. वरून बोलणी बसली, म्हणून ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती.

फोन हातात घेतला, परत ठेवला. बसच्या गोंगाटात तिला काय ऐकू येणार.

तेवढ्यात दुसरा घोळका आत आला. जिन्यापाशी एका आजींनी कौतुकाने विचारलं, लहानपणीची एखादी गंमत सांगा की.

काकांनी गजांवर हात ठेवला.

"गंमत अशी काही नाही," ते म्हणाले. "शांत मुलगा होता. खिडकीत बसायचा. पुढची खोली बघून घ्या."

माणसं जांभया देत पुढे सरकली.