रकाना क्रमांक सात

टेक चौथा. एकच वाक्य पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करतात, त्यातल्या प्रत्येक खेपेला आम्ही टेक म्हणतो. काचेपलीकडे महादेवीताई वाचत होत्या, "लग्न झालं म्हणून मी लहान मूल झाले नाही!" वाक्य झकास आलं. मी अंगठा वर केला, तेवढ्यात आमचे केंद्रप्रमुख बिरादारसर फाइल घेऊन आत आले.

"थांबवा. बाईंच्या फॉर्मवर मिस्टरांची सही नाही."

लातूरच्या एका छोट्या रेडिओ केंद्रात मी प्रोग्राम असिस्टंट होते. आम्ही नॉर्वेतल्या एका लेखिकेचं आयुष्य दहा भागांत करत होतो. तिचं नाव आम्ही तिघांनी तीन तऱ्हांनी उच्चारलं, म्हणून स्क्रिप्टमध्ये ती नुसती 'लेखिकाबाई' झाली. तिच्या काळी तिथं लग्न झालेली बाई कायद्यानं अज्ञान ठरायची, म्हणजे कागदोपत्री मूलच. लेखिकाबाईंनी कादंबऱ्या लिहिल्या, बायकांची संघटना काढली, भरसभेत टिंगल ऐकली आणि कायदा बदलेपर्यंत गप्प बसल्या नाहीत.

त्यांचा आवाज झालेल्या महादेवीताई निलंग्याकडच्या अंगणवाडी सेविका. रेकॉर्डिंगला एसटीनं यायच्या. अशा कामापुरत्या बोलावलेल्या कलाकारांचा एक फॉर्म असे. त्यात रकाना सात : विवाहित महिलांसाठी पतीची संमती व सही.

"ती कशाला, सर?" मी विचारलं.

"त्यांच्याच सुरक्षेसाठी."

"कुणापासून?"

"फॉर्म संस्थेनं केलाय. मला विचारू नका."

महादेवीताई हेडफोन काढून बाहेर आल्या. "सर, माझं मालक तुमच्या इथंच भजन म्हणत्यात. आठ वर्षं झाली. त्यांच्या फॉर्मवर माझी सही हाय का?"

"पुरुषांना तो रकाना नाही."

"मग मला बी नको."

संध्याकाळी त्यांच्या मालकांचा, बसवप्पांचा फोन आला. "म्याडम, मी पेन घेऊन बसून राहिलो. पण ही फॉर्मच देईना. म्हणती, राग तुमच्यावर न्हाई, रकान्यावर हाय."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. नोकरीला लागताना माझ्याही फॉर्मवर ह्यांची सही होती. चहा देता देता घेतली होती, आणि काय लिहिलंय ते ना त्यांनी वाचलं, ना मी.

पंधरा दिवसांवर प्रसारण. सरांनी दुसरा आवाज शोधायला सांगितलं. एका बाईंची ऑडिशन घेतली. त्यांनी इतकं गोड वाचलं की लेखिकाबाई हक्क मागतायत की हळदीकुंकवाला बोलावतायत, कळेना. शेवटी मी केंद्र चालवणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं : हा रकाना फक्त महिलांनाच का?

चार दिवसांत उत्तर आलं. "सूचना योग्य आहे. समानतेच्या तत्त्वानुसार रकाना सात यापुढे सर्व विवाहित कलाकारांना लागू राहील. पुरुषांनी पत्नीची सही आणावी."

"झालं ना समाधान?" सर म्हणाले.

शनिवारी जळकोटचं भजनी मंडळ रेकॉर्डिंगला आलं. अकरा जण, पेटी, पखवाज, सगळा सरंजाम. मी सगळ्यांना फॉर्म वाटले.

"बायकोची परवानगी? भजनाला?" मंडळाचे प्रमुख गुरुजी उभेच राहिले.

"नियम आहे, गुरुजी." हे वाक्य बिरादारसरांनाच बोलावं लागलं.

फोन सुरू झाले. एकाची बायको देगलूरला माहेरी गेलेली. एकीनं सांगितलं, "सही नंतर. आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा." नवऱ्याला चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून सरांनी फोन घेतला आणि अख्खा फॉर्म वाचून दाखवला. पलीकडून उत्तर आलं, "बरं. इचार करून सांगते."

मंडळ रेकॉर्डिंग न करता परत गेलं. गुरुजींची आणि संस्थेच्या अध्यक्षांची जुनी ओळख होती, हे आम्हाला मंगळवारी कळलं. त्या दिवशी नवा फॉर्म आला. रकाना सात गायब. कारण दिलं होतं : कामकाजाचे सुलभीकरण.

बुधवारी महादेवीताईंनी सही केली, एकटीनं, आणि टेक पाचवा मागून घेतला. "चौथ्यात माझा आवाज जरा दबला होता," म्हणाल्या. मालिका ठरल्या तारखेला सुरू झाली. उद्घाटनाच्या भाषणात सरांनी केंद्राच्या 'धाडसी निर्णयाबद्दल' स्वतःचं अभिनंदन करून घेतलं.

मी अजून त्याच नोकरीत आहे. एखादा नियम फक्त बायकांना जाचत असला, तर तो रद्द करा, असं मी आता लिहीत नाही. सगळ्यांना लागू करा, असं लिहिते.