दाजींनी नंबर लावलेली गाडी

एकोणीसशे बहात्तरच्या जानेवारीत माझ्या दाजींनी नगरला मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलसाठी पाचशे रुपये भरून नंबर लावला. सोबत त्यांचा मिस्त्री आणि मी होतो.

“दाजी, ही पडली तर एकट्याला उचलायची नाही,” मी म्हणालो.

“जड हाय म्हून तर रस्ता धरती,” मिस्त्री म्हणाला.

दाजी हसले. “पाव्हणं, तुम्ही आपली सायकलच दामटा.”

नंबर लागण्याआधी त्यांनी मित्राची तसलीच गाडी चालवून बघायला नेली. जामखेडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी पसरली होती. बाजाराचा दिवस, त्यामुळे कामावर मजूर नव्हते. गाडी घसरली आणि दाजी तिच्याखाली सापडले. लोक पोचले तेव्हा ते गेले होते. गाडी उचलायला तिघे लागले.

दुकानदाराने पाचशे रुपये परत केले. ते मी बहिणीच्या हातात ठेवले.