शेंदूर लागलेले तीन मीटर

आजही आठवलं की डोकं तापतं. रावेरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, काळ्या पाषाणाखाली शिसं आहे का ते आम्ही शोधत होतो. यंत्र जमिनीतून मनगटाएवढा जाड, दांड्यासारखा दगड काढायचं. त्याला कोअर म्हणतात. तो खोलीच्या क्रमानं पेट्यांत लावायचा, वर्णन मी नोंदवहीत लिहायचं, मग उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा नि अर्धा जपून ठेवायचा. पेट्या केळी भरायच्या एका रिकाम्या शेडमध्ये होत्या.

दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. नारळ मीच फोडला आणि एरंडोलला घरी गेलो. परत येऊन पाहतो, तर सगळ्यांत चमकदार तीन मीटर कोअर शेंदरानं माखलेला. तेलात कालवलेला शेंदूर पार भेगांत मुरला होता. शेंदरात शिसं असतं. म्हणजे आम्ही जे शोधत होतो, तेच वरून चोपडलेलं!

यंत्र चालवणारे आबा वडिलांच्या वयाचे. तरी मी त्यांच्यावर ओरडलो.

"बठ्ठाले नही लावा, भाऊ. चांगला चांगला देखीसन लावा," ते म्हणाले. म्हणजे सगळ्याला नाही, चांगला चांगला बघूनच लावला होता. "आन नारळ ते तुम्हीच फोडा ना!"

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. पूजेआधी पेट्या झाकायला सांगणं माझं काम होतं.

कंपनीच्या ऑफिसात माझ्या साहेबांना फोन केला.

"पूस आणि चिरून पाठव," ते म्हणाले. "आकडा चांगला आला तर कुणाच्या पोटात दुखतंय? एरंडोलच्या शाळेतलं शहाणपण इथं नको."

घरातला पहिला पदवीधर मी. या नोकरीचे उपकार मानतो. त्या उपकारापोटीच दोन वर्षं सगळ्याला 'हो सर' म्हणत आलो. त्या दिवशी साहेबांपेक्षा त्या 'हो सर'चीच चीड आली. शिशाच्या खोट्या आकड्याखाली सही माझी असणार होती.

नोंदवहीत लिहिलं : पूजेचा शेंदूर लागला आहे, शिशाच्या तपासणीसाठी नमुना घेऊ नये. खाली सही केली आणि साहेबांना फोनवर वाचून दाखवलं.

"ते पान फाड."

"पानांवर क्रमांक छापलेत, सर. फाडणार नाही."

फोन बंद झाला. आबा ऐकत होते. ते उठले, शेंदराचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला.

"मंग हाऊबी धाडा त्यासले."

प्रयोगशाळेला ताडून पाहता यावं म्हणून चिमूटभर शेंदूर वेगळ्या पिशवीत भरला, वर नमुन्याचा क्रमांक टाकला. मग साबणानं दोनदा हात धुतले. पुढची पेटी उघडायची होती.