पासवर्ड नसलेला कॉम्प्युटर आणि लेकीचं पान

लग्नाआधी मी नाशिकला डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, अहवाल, श्रद्धांजलीची पत्रकं, सगळं. त्यामुळे माझी बोटं मराठी टाइप करतात ती त्या काळच्या फॉन्टमध्येच, आणि तो फॉन्ट आहे फक्त आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर. इथे आखातात, अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलचा एक कोपरा त्यानं अडवलाय. नवरा त्याला भंगार म्हणतो. म्हणू दे. दर शुक्रवारी माझ्याकडे दहा-बारा मुलं मराठी शिकायला येतात, आणि दिवाळीला आम्ही त्यांचा छोटासा दिवाळी अंक काढतो, तो याच भंगारावर.

यंदा त्यात माझ्या मुलीचंही पान होतं. तीन वर्षं माझ्याच वर्गात बसून तिनं एक ओळ लिहिली नव्हती. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. दिव्याखाली अंधार तो हाच! इतर आयांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि यंदा अचानक वहीचं अख्खं पान पुढ्यात टाकून म्हणाली, "इट बेटर गेट प्रिंटेड, ओके?"

शुक्रवारी अंक वाटायचा होता. जुना प्रिंटर उन्हाळ्यातच गेला. नवा वायफायवाला आणला, तो नव्या लॅपटॉपशी गोडीगुलाबीनं वागतो, जुन्याला ओळखही देत नाही. जुन्यावर पेनड्राइव्ह लावायची जागा मोडलेली, मेल उघडत नाही. एकच मार्ग राहिला: जुन्यावरचा फोल्डर शेअर करायचा आणि नव्यानं तिथून फाइल घ्यायची.

गुरुवारी दुपारी नवरा मांडी ठोकून बसला. लॅपटॉपवर जुना दिसला, क्लिक केलं, तर पासवर्ड मागितला. आता जुन्याला पासवर्ड कधी नव्हताच. घरातल्या घरात काय लपवायचं? त्यानं रकाना रिकामा ठेवून एंटर मारलं. नाही. पुन्हा मारलं. नाही. एवढा गॅस प्लांट सांभाळणारा माणूस दोन तास नुसतं एंटर मारत होता! शेवटी म्हणाला, "खलास. स्क्रीनचे फोटो काढ आणि टाक पालकांच्या ग्रुपवर."

"फोटो? अहो, तिला कागद हवाय!" मी ओरडले. मुलगी दारातच उभी होती. खांदे उडवून आत गेली. वाटलं, ही आता पुन्हा लिहायची नाही.

मीच खुर्ची ओढली. उघड्या घरात शिरायला हा नवा शहाणा लॅपटॉप तयार नसेल, तर लावू या कुलूप. जुन्याला पासवर्ड दिला, तोच लॅपटॉपवर टाकला, आणि फोल्डर उघडला!

"हात्तिच्या!" नवरा म्हणाला.

पण फाइल उघडली तर मराठीचा मागमूस नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. त्याचा चेहरा पडला, मला मात्र हसू आलं. हे तर माझ्या धंद्यातलं होतं. नव्याकडे तो फॉन्ट नाही, म्हणून बरळतोय. छापखान्याला आम्ही पीडीएफ द्यायचो, त्यात अक्षरं जशीच्या तशी राहतात. जुन्यावर पीडीएफ केली, त्याच फोल्डरमध्ये टाकली, लॅपटॉपवरून प्रिंट दिली. पानं भराभरा बाहेर यायला लागली. मी नवऱ्याकडे असं बघितलं की बस्स.

मुलीला हाक मारली. तिनं गरम पान उचललं आणि उभ्याउभ्याच वाचलं. मी कौतुकाची वाट बघत होते. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आई, माझं वाक्य कुठं गेलं?"

एक वाक्य मी टाइप करताना गाळलं होतं. 'आईला लवकर राग येतो, मग ती रडते आणि माझ्या पोळीला जास्त तूप लावते.' बारा घरांत जाणार होतं ते. मला लाज वाटली.

"अगं, बरं दिसत नाही ते..."

"मी लिहिलंय ना? माझं पान आहे. परत घाल."

एका दमात, सगळं मराठीत. तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी मुकाट्यानं जुन्यापाशी जाऊन बसले आणि ते वाक्य टाइप करायला लागले. डोळे भरून आल्यामुळे दोनदा चुकले. ती खांद्यावरून बघत होती.

"तूप राहिलं, आई."